साडेचार, साडेपाच आणि चार बिनडोक ससे

तीर्थस्वरूप हॉरेसमामांच्या पायांशी (म्हणजे विनिफ्रेडने विणलेल्या त्या जाड हिरव्या मोज्यांशी) क्लेमचा, मान वर न करता, नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचून तुमचं तुम्ही ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे? समुद्राची हवा मानवली का? विनिफ्रेड अजून मीठ मोजूनमापून घालते का, की मुलगी शेवटी बापाच्या जिभेपुढे नमली? तुमची भाचेसून डोरीन बरी आहे. ती माझ्याशी बोलते, पण गरजेपुरतं, म्हणजे 'चहा' आणि 'बूट बाहेर काढ' एवढंच. मोहोरीच्या लोणच्याची एक बरणी तिने तुमच्यासाठी बांधून ठेवली आहे. माझ्या पत्राबरोबर ती पाठवायला तयार नाही. म्हणते, लोणच्याची अब्रू जाईल.

पत्रास कारण लाज. क्यूबिटची बहीण तुमच्याच गल्लीत राहते, तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली असणार हे मी धरून चाललो आहे. तरीही माझ्या तोंडून ऐका, कारण तिच्या गोष्टीत मी गावजेवणाला भर हॉलमध्ये रडलो असं आहे. ते खोटं आहे. मी हॉलबाहेर, सायकली लावतात तिथे रडलो.

मामा, गेल्या वसंतात गाव सोडताना तुम्ही मला गॉट्सबाईंच्या अंगणात उभं केलंत, तो दिवस आठवा. आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतात बंदूक घेऊन फिरायची परवानगी शब्दावर मिळते आणि शब्दावरच जाते. एवढी वर्षं तुम्ही त्यांच्या शेतातले ससे आवरलेत, आणि दर सुगीला गावजेवणाच्या परातीसाठी साफ केलेले ससे त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलेत. जाताना तुम्ही त्यांना म्हणालात, "बाई, हा माझ्या हाताखाली तयार झालाय. अकराव्या वर्षी माझ्या डोळ्यांदेखत ससा पाडलाय ह्यानं, आणि तोही डोक्यात. माझ्यानंतर हाच." बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं (त्यांचे यजमान गेल्यापासून त्या बैल, ट्रॅक्टर आणि माणूस एकाच नजरेने पाहतात), आणि फाटकाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या किल्लीला तुमच्या बोटांची झिलई होती. मी ती खिशात टाकली तेव्हा मला वाटलं, आता मी कोणीतरी झालो. अंगरखा मामाचा घातला की खांदे आपोआप रुंद होत नाहीत, हे मला नंतर कळलं.

पहिल्याच संध्याकाळी तुमची साडेचारची हवेची रायफल घेऊन मी कुंपणाच्या कडेला ओल्या गवतात पोटावर पडलो. (डब्यांवर इंचातली मापं छापतात, पण तुम्ही जन्मभर लेथवर मिलिमीटरात काम केलंत, म्हणून आपल्या घरात छर्रा एकतर साडेचारचा नाहीतर साडेपाचचा. गावानेही ते उचललं आहे.) ससा आला, बसला, कान हलवले. मी छर्रा सोडला, आणि तो सशाच्या कानांवरून पुढच्या परगण्यात गेला. ससा चरत राहिला. हे मी पबमध्ये सांगायला नको होतं, पण सांगितलं, आणि तिथे क्यूबिट बसला होता. तुम्ही त्याला ओळखताच: माणूस चांगला, नेम चांगला, फक्त तोंड बंद करायची कळ देव बसवायला विसरला. तो म्हणाला, "अरे, पिसांना साडेचार आणि केसांना साडेपाच, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सशाला साडेचार म्हणजे म्हशीला टाचणी!" लगेच पबमध्ये दोन तट पडले. साडेचारवाले म्हणू लागले, बारीक छर्रा सुतासारखा सरळ जातो, अंतर थोडं चुकलं तरी पदरात घेतो. साडेपाचवाले म्हणू लागले, जाड छर्रा धपाटा घातल्यासारखा बसतो, जागचं हलू देत नाही. दोघंही खरं बोलत होते. दोघंही नेमबाज होते आणि मी नव्हतो, एवढा तपशील त्या चर्चेत कोणी काढला नाही, मी तर मुळीच नाही.

म्हणून मी साडेपाचची घेतली. (तुमची विकली नाही, शपथेवर सांगतो. ती जिन्याखाली आहे, तेल लावलेली.) आता जाड छर्रा जड असतो, म्हणून तो फेकलेल्या बटाट्यासारखा कमान घेऊन खाली येतो, हे मला तत्त्वतः माहीत होतं. पण हाताला सवय साडेचारची. ससा अंमळ लांब बसला होता. छर्रा त्याच्या नाकापुढे मातीत घुसला. सशाने माती हुंगली. मग मी पुन्हा साडेचारकडे गेलो, तर आता हात साडेपाचचा झालेला, आणि छर्रा पुन्हा कानांवरून. असा सगळा उन्हाळा गेला. सोमवारी इकडे, गुरुवारी तिकडे, आणि कोटाच्या एकाच खिशात दोन्ही मापांचे छर्रे चिवड्यासारखे मिसळलेले. हा खिसा लक्षात ठेवा, मामा. पुढे माझा घात त्यानेच केला.

मध्यंतरी कबुतरांनी बाईंच्या केल नावाच्या पालेभाजीवर धाड घातली, तेव्हा म्हटलं, केसाला नाही तर पिसाला. क्यूबिटने मोठ्या मनाने त्याचं लाकडी कबुतर मला उसनं दिलं. ते त्याच्या वडिलांनी हाताने कोरून रंगवलेलं. शेतात ठेवलं की खरी कबुतरं सोबत समजून खाली उतरतात. मी ते ठेवलं, कुंपणामागे लपलो, डबा उघडून चीज-पाव खाल्ला, जरासा डोळा लागला, आणि डोळा उघडला तो समोर कबुतर! छान, गलेलठ्ठ, जराही न हलणारं. मामा, तसा नेम मी आयुष्यात धरला नव्हता. श्वास रोखला, बोट आवळलं, आणि छर्रा बरोबर उजव्या डोळ्यात. ह्या मोसमातला माझा एकमेव डोक्यातला बार, आणि तो क्यूबिटच्या वडिलांच्या हातकामात. त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने ते कबुतर पबच्या खिडकीत ठेवलं आहे, भोक रस्त्याकडे करून.

आता खरं सांगतो, कारण खोटं सांगून काय होतं ते पुढे येतंच आहे. दोष मापाचा नव्हता. ससा समोर येतो, मागच्या पायांवर बसतो, पुढच्या पंजांनी तोंड धुतो, अगदी आपली बेसी आत्या चर्चला जायच्या आधी धुवायची तसं, आणि माझं बोट थांबतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात येतं, हे माप बरोबर आहे ना? नुसता जखमी झाला तर? दुसरी आणायला हवी होती का? एवढा विचार झाला की मी डोळे मिटून बार काढतो आणि ससा घरी जातो. 'कुठलं माप' हा प्रश्न मी सोडवत नव्हतो, मामा. मी त्याच्या आड बसत होतो. इकडे बाईंचं बार्लीचं कोवळं पीक कुंपणालगत पट्टेच्या पट्टे साफ होत होतं, आणि त्या भेटल्या की मी म्हणायचो, "ह्या खेपेला दोन टिपले." त्या म्हणायच्या, "मग पीक कोण खातंय, त्यांचे नातेवाईक?" मी हसायचो. आता आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

अशात सुगीचं गावजेवण आलं. बाईंनी विचारलं, "चार ससे देशील ना? हॉरेस सहा द्यायचा, पण तू नवा आहेस." मी म्हणालो, चार काय. त्यावर मागून क्यूबिट ओरडला, "बाई, दाताखाली छर्रा लागल्याशिवाय मी नाही मानणार!" हॉल सजवणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. त्याच दुपारी मी सायकल काढली आणि गावचा खाटीक सोडून तिसऱ्या गावच्या खाटकाकडे गेलो, टोपी डोळ्यांवर ओढून. त्याच्याकडे पिंजऱ्यात वाढवलेले ससे मिळतात. पांढरेफटक, गुबगुबीत, सोललेले, आणि (इथे नीट लक्ष द्या) मुंडकी उडवलेले.

ते चार ससे ओट्यावर मांडून मी बघत बसलो. क्यूबिटचं वाक्य डोक्यात घुमत होतं. दाताखाली छर्रा. मग मी कोटाच्या खिशात हात घातला, मूठ बाहेर काढली, आणि डोरीनची विणायची सुई घेतली. तुम्ही म्हणाल, मूर्खा, आपल्यात ससा डोक्यात मारतात, मांसात छर्रा सापडणं ही शरमेची गोष्ट. ठाऊक होतं, मामा! लहानपणापासून ठाऊक होतं. पण ज्याला डोकंच नाही त्याच्या डोक्यात मी छर्रा घालू कुठून? तेव्हा मी मांडीत घातले, पाठीत घातले, आणि सुईने आत ढकलून वरून बोटाने सारवलं. तेवढ्यात डोरीन आत आली. तिने ससे पाहिले, सुई पाहिली, मला पाहिलं. ती म्हणाली, "क्लेम, खोटं बोलायचं तर निदान साधं तरी बोलावं रे." आणि सुई उचलून उकळत्या पाण्यात टाकली. ह्या सबंध पत्रात शहाणपणाचं वाक्य हे एकच आहे आणि ते माझं नाही.

जेवणाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. बाईंनी परात उघडली, वरची मैद्याची पारी सोनेरी फुगलेली, खालून वाफ, कांदा, डुकराच्या चरबीचे तुकडे, सेजच्या पाल्याचा वास. पहिला घास घेऊन बाई म्हणाल्या, "ह्या वर्षी ससे भलतेच मऊ आहेत. अंगाला कधी वारा लागलेला दिसत नाही ह्यांच्या." मी म्हणालो, "तुमची बार्ली, बाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा, ती टाळी मला इतकी गोड लागली की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

आणि मग क्यूबिटच्या तोंडात कट्ट आवाज झाला. माझ्या छातीत आनंदाची लाट आली, खोटं कशाला सांगू. त्याने तोंडातून छर्रा काढला, रुमालाने पुसला आणि ताटाच्या कडेवर ठेवला. मी म्हणालो, "काय क्यूबिट, आता मानलंस?" त्याने चष्मा चढवला. तेवढ्यात बाईंच्या दाताखालीही लागला. क्यूबिटने तोही मागून घेतला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. मग तो, म्हणजे ज्याचं तोंड कधी बंद नसतं तो माणूस, इतक्या हळू बोलला की सगळा हॉल ऐकायला वाकला.

"क्लेम, हा साडेचार. हा साडेपाच. एका संध्याकाळी दोन बंदुका घेऊन गेला होतास?"

मी म्हणालो, कधी ही नेतो, कधी ती.

"बरं. आणि हे पाठीत कसे? हॉरेसच्या सशात कधी छर्रा निघाला नाही."

मी म्हणालो, वारा होता.

"बरं," तो म्हणाला. "पण हे बघ. नळीतून गेलेल्या छर्र्यावर नळीच्या आट्यांचे चरे उठतात. आणि हाडाला लागला की तो चेपतो. हे दोन्ही डब्यातून आत्ता काढल्यासारखे आहेत." आणि त्याने ते माझ्याकडे सरकवले. मामा, तो हसला नाही. त्याला हसायला सगळा उन्हाळा पुरला नव्हता, आणि नेमकं त्या वेळी तो हसला नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच पाठीत मारलेला ससा होतो.

गॉट्सबाईंनी तोंड पुसलं. त्या रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं पीक गेलं ते सोड. पिकं जातात. पण मी एवढे महिने हॉरेसच्या शब्दावर तुला फाटक उघडं ठेवलं." आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. खिशातून काढताना तिच्याबरोबर उरलेले छर्रेही आले आणि हॉलच्या लाकडी जमिनीवर सगळीकडे टणटण करत पसरले, आणि मी खुर्च्यांखाली, लोकांच्या बुटांमधून, गुडघ्यांवर रांगत ते गोळा करत राहिलो. कोणी पाय उचलले, कोणी नाही. डोरीन माझ्या शेजारी येऊन रांगू लागली. तेव्हा मी उठून बाहेर सायकलींकडे गेलो.

असो. झालं हे असं झालं. माझ्या अब्रूचं मला फारसं नाही, ती तशीही कबुतराच्या डोळ्यातून गेलीच होती. पण तुमचा शब्द मी घालवला, त्या शब्दाला तुम्ही एवढी वर्षं तेल लावून ठेवलं होतंत, आणि ही गोष्ट मला गिळवत नाही. आता बंदुकीचं नाव काढणार नाही. दोन्ही रायफली जिन्याखाली कुलपात आहेत आणि कुलपाची किल्ली डोरीनकडे आहे. विनिफ्रेडला आशीर्वाद, तिच्या मांजरीला माझ्या वाटणीचा मासा. तुमच्या गुडघ्याला ऊब द्यावी.

तुमचा, तोंड दाखवायला जागा नसलेला भाचा,
क्लेम लार्टर

ता. क. क्यूबिट म्हणतो, दोन्हींच्या मधलं एक पाचचं माप असतं. साडेचारसारखं सरळ जातं आणि साडेपाचसारखं बसतं. त्याच्या ओळखीत एकाकडे आहे. मी नुसता बघून आलो. खांद्याला लावून पाहिली, एवढंच. वजनाला फार सुरेख आहे.

ता. क. २. डोरीनने वरचा मजकूर वाचला आहे. पाचचं माप रद्द. खरं काम राहूनच गेलं, ते असं, की काल गॉट्सबाई चर्चबाहेर भेटल्या. म्हणाल्या, "सगळंच खोटं होतं, की तो अकराव्या वर्षीचा ससा तरी खरा होता? हॉरेसने तेवढं लिहून पाठवलं तर किल्लीचा विचार करीन. त्याच्या जागी माणूस तर मला हवाच आहे." तेव्हा मामा, दोन ओळी. 'ससा क्लेमचाच होता,' एवढंच. ह्या एका कारणासाठी वरची सगळी पानं लिहिली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा वाफेवर उघडलं. अकराव्या वर्षीच्या त्या दुपारी तुमच्या हातात साडेचारची होती आणि माझ्या हातात बाबांची साडेपाचची. तुम्ही माझ्या जरा मागे गुडघ्यावर होतात. आवाज एकच आला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. मी डोळे मिटले होते, मामा. उघडले तेव्हा ससा पडलेला होता आणि तुम्ही म्हणालात, "शाब्बास!" घरी येऊन ससा सोलताना तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत, चाकूच्या टोकाने छर्रा काढलात, बघितलात, आणि जाकिटाच्या खिशात टाकलात. मी म्हटलं, मला दाखवा. तुम्ही म्हणालात, "शिसं विषारी असतं, पोरांनी हात लावू नये." इतकी वर्षं मी ते विचारलं नाही. त्या दिवशी हॉलमध्ये क्यूबिट दोन छर्रे शेजारी शेजारी ठेवत होता, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हतो. मला तुमचा तो खिसा दिसत होता. मी चार सशांत छर्रे खुपसून जे खोटं बोललो ते एका घासात फुटलं. तुम्ही किती साधं बोललात, आणि ते मला एवढी वर्षं पुरलं.

तेव्हा वरच्या दोन ओळी लिहू नका. माझ्यासाठी पुन्हा नको. गॉट्सबाईंकडे उद्या मीच जातो आणि फाटक क्यूबिटला द्या म्हणून सांगतो. निदान बार्ली वाचेल. तो छर्रा मात्र अजून तुमच्याकडे असला तर पाठवा. माप बघणार नाही. नुसता खिशात ठेवीन.